काउंटरच्या अलीकडून

सकाळी सातला बाहेर उणे एकतीस.
दुकानाच्या भिंतीला ट्रक बांधलेत वायरींनी,
इंजिनं गोठू नयेत म्हणून,
दावणीला गुरं बांधावीत तसे.
आत कॉफीचं भांडं अर्धंही भरलेलं नसतं
तोवर डेल्मर क्विस्टाड सुरू होतो:
"सत्त्याहत्तरचा फोर्ड. सहा सिलिंडर. तीन लाख मैल.
इंजिनाला आजवर पाना लागलेला नाही."

लेलँड हौगेन टोपी मागे सरकवतो.
त्याच्याकडे चौसष्टची इंटरनॅशनल,
जिच्या तळातून रस्ता दिसतो.
"हवा खेळती राहते," तो म्हणतो.
परवा त्याने म्हणे बर्फातून
एक कोरा करकरीत ट्रक ओढून काढला,
ब्याऐंशी हजार डॉलरचा, सीट गरम होणारा.
"पोरगा आत बसून रडत होता.
सीट गरम होती, पण."

सगळे हसतात. मीही हसते.
ही गोष्ट तिसऱ्यांदा ऐकतेय,
गेल्या हिवाळ्यात ट्रक सत्तर हजारांचा होता.

बत्तीस वर्षं मी पार्ट्स विकतेय या गावात.
कुणाचा क्लच घसरतोय, कुणाचा पंप गळतोय,
हे डॉक्टरला गावातले गुडघे ठाऊक असावेत
तसं मला ठाऊक असतं.
आणि मार्चमधल्या एका संध्याकाळी,
मी दिवे मालवत असताना,
डेल्मर मागच्या दाराने आला होता.
हेड गॅस्केट. वर चौदा बोल्ट.
"शेजाऱ्याला हवंय," म्हणाला.
त्याचा सगळ्यात जवळचा शेजारी अकरा मैलांवर राहतो
आणि घोड्यांखेरीज काही पाळत नाही.
मी खाकी पिशवी दिली, बिलावर नाव घातलं नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
ही तर तीन लाख मैलांची.

मी तरी कुठली धुतल्या तांदळासारखी.
माझी एकाहत्तरची शेव्ही,
एक दार हिरवं, एक दार बँकेने जप्त केलेल्या गाडीचं.
"कधी कुणाला धक्का मारायला लावला नाही तिने,"
मी छाती पुढे काढून सांगते.
खरंच आहे ते.
या पोळपाटासारख्या मुलखात
उतार म्हणावा असा एकच, रेल्वे फाटकाजवळचा.
बत्तीस वर्षं मी गाडी तिथेच लावते
आणि दुकानापर्यंत चालत येते.
कुणी विचारत नाही का.
लेलँडला नक्की माहीत आहे का.

डेल्मर ऑक्टोबरात गेला, बिटांच्या काढणीच्या मध्येच.
त्याच्या कपावर महिनाभर कुणी हात ठेवला नाही.
मग एका सोमवारी
तोच निळा फोर्ड दारात घरघरला
आणि आमचे बोलणं थांबलं.
त्याची नात, सिग्ने. वीस वर्षांची.
नखांत काळं, बोटांची सालं निघालेली.
आली, आजोबांचा कप हुकावरून काढला,
विसळलासुद्धा नाही, कॉफी ओतली,
आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवून म्हणाली,
"तीन लाख अकरा हजार.
पाना लागलेला नाही."

लेलँड बराच वेळ आपल्या कपात बघत राहिला.
मग म्हणाला, "वाऱ्याच्या दिशेने चालवली असशील."
आणि पुन्हा गलका सुरू झाला.

त्या संध्याकाळी मी दिवे मालवत होते.
मागचं दार वाजलं.
"क्रँकच्या मागचं ऑइल सील मिळेल?" सिग्नेने विचारलं.
"एका मैत्रिणीला हवंय."
मी शेल्फकडे वळलेसुद्धा नाही.
सकाळी तिचा ट्रक गेल्यावर
बर्फावर तेलाचे चार थेंब दिसले होते, ताजे.
पिशवी मी तेव्हाच भरून ठेवली होती.